तिला वर चढवलं कोणी?

पोळा आठवड्यावर आला की आमच्या दवाखान्यात गर्दी वाढते. दवाखाना जनावरांचा आहे. दोन खोल्या, पुढे कडुलिंब, कडुलिंबाखाली लोखंडी नळ्यांचा खोडा. एरवी जनावर आडवं पडल्याशिवाय इकडे कुणी फिरकत नाही. या आठवड्यात मात्र खूर वाढलेला दिसतो, शिंगाचं टोक तडकलेलं दिसतं, डोळ्यातून पाणी येतं तेही दिसतं. वर्षभर त्या डोळ्याकडे कुणी पाहिलेलं नसतं. मी इथली कंपाउंडर. बैल खोड्यात घ्यायचा, मान अडकवायची, खूर तासायचा, सोडायचा. मालक विचारतो, "दुखन का त्याले?" मी सांगते, दुखेल. लोकांना ते आवडत नाही. बाईनं जरा गोड बोलावं असं त्यांना वाटतं.

आता बैलही कमी झाले. जैनथकडच्या गावांत पोळ्याच्या तोरणाखाली पूर्वी बैलांना उभं राहायला जागा मिळत नसे. आता मधे मधे ट्रॅक्टर असतात. गेल्या वर्षी एकानं ट्रॅक्टरला झूल घातली आणि पुढच्या चाकांना हळद लावली. सगळे हसले, मी हसले नाही. ट्रॅक्टरला काही खोटं सांगावं लागत नाही, ही त्याची मोठी सोय आहे.

या दिवसांना एक वास असतो. ओल्या कडब्याचा, हळदीचा, शिंगांना लावायच्या वार्निशाचा, तोडून आणलेल्या पळसाच्या फांद्यांचा. कपाशी कमरेला लागलेली असते, सोयाबीनचा हिरवा वास शेतातून रस्त्यावर येतो. तो वास आला की मला एका कुत्रीची आठवण येते. ती मी कधी पाहिली नाही. मी जन्मायच्या कितीतरी आधी ती मेली. ती रशियाची होती आणि तिला रॉकेटात बसवून पृथ्वीभोवती फिरायला पाठवलं होतं. पोळ्याशी तिचा काही संबंध नाही हे मला कळतं. तरी तो लागला आहे, आणि आता सुटत नाही.

वर्ष सत्त्याऐंशी असावं, नाहीतर अठ्ठ्याऐंशी. मी सातवीत होते. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आंध्र, पाणी एकच. शाळा मराठी, तिचा बोर्ड तेलुगू, आणि पटवाऱ्याच्या तोंडी निजामाच्या वेळचे शब्द. या तिन्हींत आमचं काही अडत नसे. घरी कापूस, ज्वारी आणि एक बैलजोडी. लाल्या आणि चांद्या.

चांद्या मायचा होता. म्हणजे कागदोपत्री बाबांचाच, पण मायच्या लग्नात तिच्या माहेरहून आंदण म्हणून एक गाय आली होती, तिचं हे शेवटचं वासरू. वासरू झालं आणि गाय गेली. मायनं बांबूच्या नळीनं त्याला दूध पाजून वाचवलं. त्यामुळे त्याला आपण बैल आहोत हे पुरतं कधी पटलंच नाही. माय विहिरीवर गेली की तो दाव्याला हिसका देई. सुटा असला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राही, आणि माय आतून पिठाच्या हातानं त्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर चापट मारी. बाबा म्हणत, "यानं एक दिवस पाटावर बसून जेवलं म्हंजे झालं." कामाला मात्र तो चांगला होता. जू उचललं की स्वतः येऊन मान खाली घालायचा. आमच्याकडे अशा बैलाला गरीब म्हणतात. 'लय गरीब बैल हाय' ही बैलबाजारातली सगळ्यात मोठी शिफारस. शिंग उगारणारा, दावं तोडणारा बैल कुणी घेत नाही.

त्या वर्षी तण काढायच्या डवरणीच्या वेळी चिखलात चांद्याचा मागचा पाय घसरला आणि खुब्यात काहीतरी कायमचं गेलं. तेव्हा गावात कुणाला ते नीट करता येत नव्हतं. आज माझ्याकडे आणला असता तर मलाही आलं नसतं. लंगडा बैल जोडीत चालत नाही. दुसरा बैल घ्यायचा तर दोघांच्याच वैरणीत तीन तोंडं. हे सगळं आमच्या घरात सगळ्यांना कळत होतं, मायलाही. बाबांनी व्यापाऱ्याला निरोप दिला, पण पोळा झाल्यावर ये म्हणाले. पोळ्याच्या आधी बैल विकायचा नाही, ही आमच्याकडची रीत. त्याचा मान त्याला द्यायचा, मग काय ते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकतात. वर्षभर जू ज्या खांद्यावर असतं तिथे तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.' बहुतेक घरांत हे पुरुष करतात. आमच्याकडे लाल्याला बाबा सांगत आणि चांद्याला माय. त्या संध्याकाळी तिनं त्याचा खांदा नेहमीपेक्षा जास्त वेळ चोळला असं मला लिहिता येईल, पण तसं नव्हतं. नेहमीइतकाच चोळला. आवतण दिलं, हात धुतले आणि पुरणाची डाळ निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला. लंगडत तोरणाखाली उभा राहिला, पाठीवर गेरूचे ठसे, शिंगांना निळा रंग, आणि घरी आल्यावर ताटातली पुरणपोळी त्यानं दोनदा जीभ फिरवून संपवली.

तिसरा दिवस पोळ्याच्या पाडव्याचा. त्या सकाळी पोरंसोरं दारापुढची पळसाची मेढी उपटून गावाबाहेर नेतात आणि ओरडतात, 'इडा पिडा, राई रोग, घेऊन जा गे मारबत.' घरातलं दुखणंबाणं त्या फांदीबरोबर शिवेबाहेर जातं असा समज. आम्हीही ओरडत होतो. ओरडतच परत आलो तर दारात टेंपो उभा. मागची फळी उघडी, जमिनीपासून वर एक लाकडी पाट लावलेला.

चांद्या पाटावर चढत नव्हता. बाबांनी पुढून दावं ओढलं, व्यापाऱ्याच्या माणसानं मागून रेटलं, कुणीतरी शेपूट पिरगाळली. चांद्या खाली बसला. बैल बसला की त्याला उठवणं म्हणजे भिंत उठवणं. बघायला गल्ली जमली. समोरच्या जिजाकाकू ओट्यावरून म्हणाल्या, "वयनी, तुमीच जा नं त्याच्यासंगं. तुमच्या माहेरचाच हाय तो." लोक हसले. काकू वाईट नव्हत्या. वेळ हलकी करायला बोलल्या.

व्यापारी नांदेडकडचा, हिंदी बोलणारा. त्यानं आपल्या माणसाला बाजूला केलं. मारू नका म्हणाला. याला खायला कोण घालतं, त्याला बोलवा.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. माय चुलीपुढे होती. बाबा एवढंच म्हणाले, "जरा ये."

तिनं का म्हणून विचारलं नाही. हात धुतले. कालच्या पोळीचे तुकडे पदरात घेतले. आमच्याजवळून पुढे गेली, कुणाकडे पाहिलं नाही. लुगड्याचा काष्टा सावरून पाटावर पाय ठेवला. व्यापाऱ्यानं हात पुढे केला तो घेतला नाही. वर जाऊन वळली आणि जिभेनं टकटक आवाज केला, जसा ती रोज विहिरीच्या वाटेवर करायची. चांद्या उठला. तो दुखरा पाय जपत जपत पाट चढला आणि तिच्या हातातले तुकडे खाऊ लागला. सगळं इतक्या सहज झालं की कुणीतरी वाहवा म्हणालं.

मग ती उतरली. तोही उतरायला वळला. पण मागची फळी लागलेली होती. त्यानं फळीवर हनुवटी ठेवली. हंबरला नाही. तो वाट पाहत होता. हे मी आज ठामपणे सांगू शकते, कारण नंतर मी हजारो जनावरं हाताळली. घाबरलेलं जनावर कसं दिसतं आणि वाट पाहणारं कसं दिसतं, यात माझी चूक होत नाही.

बाबांनी व्यापाऱ्याला विचारलं, कुठे नेणार. तो दावं बांधत होता. त्यानं बाबांकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता पुढे जाऊन बसला. त्या दिवशी आमच्या दारात खोटं न बोललेला तो एकटाच माणूस.

दुपारी जेवताना बाबांनी आम्हाला सांगितलं, चांद्याला वणीकडे एका तेलाच्या घाण्यावर ठेवणार आहेत. सपाट जमीन, चिखल नाही, ओझं नाही, हळूहळू गोल फिरायचं आणि वर पेंड खायची. त्याच्या पायाला तेच बरं. बाबा हे आमच्याकडे बघून सांगत होते, पण आवाज चुलीपर्यंत जाईल एवढा होता. माय भाकरी थापत होती. तिनं ती तव्यावर टाकली आणि पुढचा गोळा घेतला.

आम्ही पोरं लगेच खूश झालो. ते वयच तसं.

या सगळ्यानंतर दोन-तीन दिवसांनी मेश्राम सरांनी आम्हाला त्या कुत्रीची गोष्ट सांगितली.

सर वांकिडीकडचे. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. हातात खडू धरणारे हे घरातले पहिले. तरुण होते, सायकलवरून यायचे आणि पुस्तक संपलं की थांबायचे नाहीत. तीनेक वर्षांपूर्वी आपला एक माणूस रशियाच्या यानातून वर जाऊन आला होता, तेव्हापासून सरांचं डोकं आकाशातच. आदिलाबादला रशियन पुस्तकांची गाडी यायची. गुळगुळीत कागदाची, घट्ट बांधणीची, फार स्वस्त. सर पगारातून ती आणत आणि आम्हाला वास घेऊ देत. त्यांनी फळ्यावर रॉकेट काढलं, त्याच्या टोकाला एक गोल आणि गोलात कान टवकारलेली कुत्री.

सर म्हणाले, ती मॉस्कोच्या रस्त्यावरची बेवारस कुत्री होती. थंडी आणि उपास सोसलेली म्हणून मुद्दाम तशीच निवडली. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, मंग आपल्या स्टँडावरचे घेऊन जा म्हना. ते तर तिकीट बी नाई मागत." वर्ग हसला. मग एकीनं विचारलं की तिनं वर हागलं-मुतलं कुठे. सर चिडले नाहीत. त्यांनी फळ्यावर कुत्रीच्या मागे एक पिशवी काढली. त्यावर तर आम्ही बाकं बडवली.

मग प्रश्न आला, वापस कधी आली. सरांनी खडू खाली ठेवला. तिला परत आणायची सोय त्या यानात नव्हती, म्हणाले. तेव्हा परत आणायचं कसं ते कुणालाच येत नव्हतं. आठवडाभर ती पृथ्वीभोवती फिरली. मग शेवटच्या खाण्यात झोपेचं औषध होतं. "तिला काहीच कळलं नाही," सर म्हणाले. त्यांच्या पुस्तकात तसंच होतं. पुढे दोन कुत्र्या जाऊन सुखरूप खाली आल्या, एकीला पिल्लंही झाली, हे त्यांनी लगेच जोडलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या पिल्लांसाठी होत्या, पण पहिलीच्या वाट्यालाही थोड्या गेल्या असं आम्हाला वाटलं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दोघं एकदम फिरायला लागले. ती पृथ्वीभोवती, तो घाण्याभोवती. दोघांनाही खायला होतं, दोघांनाही काही दुखत नव्हतं. दिवाळीपर्यंत आमचा चांद्या पेंड खाऊन लठ्ठ झाला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या गळ्यात मालकानं पितळी घंटा बांधली. ही भर कोण घालत होतं, बाबा की आम्ही, सांगता येत नाही. ज्याला सुचेल तो घालायचा.

कुत्रीची गोष्ट सरांनी सांगितली त्याच संध्याकाळी मी ती चुलीपाशी सांगितली. घर फार शांत होतं म्हणून सांगितली. थंडी, उपास, पिशवी, आठवडा, झोप, सगळं. बाबा जेवत होते, पिशवीवर हसले. माय तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "तिले वर चढवलं कोनं?"

मी म्हटलं, शास्त्रज्ञांनी.

"नाव नाई इचारत मी," ती म्हणाली. "कोनाच्या मागं गेली ते? कुत्रं असं कोनाच्या बी मागं पेटीत जात नाई."

बाबा म्हणाले, सरकारी काम ते, असतील पगारी माणसं. आणि मग लगेच, कुणी विचारलं नसताना, वणीकडून आलेल्या एका माणसानं घाण्यावर पांढऱ्या ठिपक्याचा बैल पाहिल्याचं सांगितलं. मायनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. बाबांनी ती मागितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सरांना मायचा प्रश्न विचारला. सरांनी पुस्तक चाळलं, पुन्हा चाळलं. यात नाही म्हणाले. मागच्या बाकावरून आवाज आला, "शोभाच्या मायले रॉकेटचा डायव्हर पाहिजे." माझे कान तापले. घरी येऊन सांगितलं, पुस्तकात लिहिलं नाही. माय म्हणाली, "कायले लिवतीन."

पुढच्या वर्षीच्या पोळ्याला लाल्याच्या जोडीला नवा बैल होता. खांदे शेकायच्या वेळी माय तुपाची वाटी घेऊन उभी राहिली, पण वाटी तिनं बाबांच्या हातात दिली. दोन्ही बैलांना आवतण बाबांनीच दिलं. पुढे तेच सुरू राहिलं.

मी रडकी नाही. हे लिहिताना ते सांगून ठेवलेलं बरं, कारण बैलाची गोष्ट म्हटली की वाचणारे डोळे पुसायला तयार असतात. बाबांच्या जागी मी असते तरी तो बैल विकला असता. लंगडा बैल पोसणं म्हणजे चांगल्या बैलाच्या तोंडचं काढणं. मी मटण खाते, आणि वाचणार नाही अशा जनावरावर खर्च करू नका हे मी लोकांना तोंडावर सांगते. तेव्हा दुःख म्हणाल तर मला होत नाही. लाज वाटते. दुःख झालं की माणूस स्वतःला बरा समजायला लागतो. लाजेत तेवढीही सोय नाही.

त्या कुत्रीबद्दल पुढे मी जिथे मिळेल तिथे वाचलं. आम्ही शाळेत टाळ्या वाजवत होतो त्याच काळात रशिया अधूनमधून माकडं वर पाठवत होता, हे तेव्हा सरांनाही माहीत नसावं. अमेरिकेनं खूप आधी एक चिंपांझी पृथ्वीभोवती फिरवला होता. त्याला खिट्ट्या दाबायला शिकवलेलं, चुकली की पायाला विजेचा झटका. वर गेल्यावर यंत्र बिघडलं आणि बरोबर खिट्टी दाबली तरी झटका बसू लागला. तो तरीही बरोबरच दाबत राहिला. हे मी दवाखान्यात दुपारच्या निवांत वेळी वाचलं आणि मासिक मिटून बाहेर जाऊन उभी राहिले. खोड्यात एक गोऱ्हा होता. त्याची मान अडकवलेली, आणि तो माझा हात चाटायला बघत होता.

कुत्र्यांचंही तसंच. लहान पिंजरा, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. जी सोसते ती पुढच्या पायरीवर. ज्या चावल्या, ज्यांनी पट्टे तोडले, त्या बहुधा मॉस्कोच्या गल्लीत म्हाताऱ्या होऊन मेल्या असतील, असा माझा अंदाज आहे. गरीब निघाली ती गेली. आणि हेही वाचलं की उड्डाणाच्या थोडं आधी त्या शास्त्रज्ञांपैकी एकानं तिला आपल्या घरी नेलं होतं. आपल्या मुलांबरोबर खेळू दिलं. तिच्यासाठी काहीतरी चांगलं करावं असं त्याला वाटलं. म्हणजे तिथेही पोळा झाला होता. मॉस्कोत पळस नसेल, पुरण नसेल, पण आवतण होतं. ती त्याच्या मागे आनंदानं गेली असणार. परतही त्याच्याच मागे आली असणार, आणि पेटीत शिरताना आजूबाजूला तेच ओळखीचे हात असणार. दार लावण्याआधी कुणीतरी तिच्या नाकाचा मुका घेतला म्हणतात. मला तो माणूस खोटा वाटत नाही. बाबाही खोटे नव्हते. चांद्याच्या पाठीवर गेरूचे ठसे त्यांनीच मन लावून उठवले होते.

आठवडाभर ती जगली नव्हती, हे तर अलीकडचं. नवं शतक लागल्यावर त्यांनीच सांगितलं. यान तापलं आणि काही तासांत ती गेली, उकाड्यानं आणि भीतीनं. बाकीचे दिवस जग तिच्या तब्येतीची चौकशी करत राहिलं आणि आत ती मेलेली फिरत होती. मेश्राम सर तोवर बदलून निर्मलकडे गेले होते. त्यांना कळवावं असं एकदा मनात आलं. कळवलं नाही. त्यांनी तोवर कितीतरी वर्गांना ती शांत झोपलेली कुत्री शिकवली असेल, आणि चांगल्या मनानं शिकवली असेल.

पण ज्या दुपारसाठी मी हे लिहायला घेतलं ती याच्या आधीची, नव्वदीच्या शेवटची. मला नुकतीच नोकरी लागली होती, पोळ्याला घरी आले होते. तालुक्याहून येणाऱ्या बसनं आदल्या दिवशीचा पेपर यायचा. त्यात आतल्या पानावर एक लहानशी बातमी होती. ती कुत्री पाठवणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ, आता म्हातारा, म्हणाला होता की जसजसा काळ जातो तसतसं त्याला जास्त वाईट वाटतं. तिच्या मरणातून जेवढं शिकायला मिळालं ते तिच्या जिवाच्या मोलाचं नव्हतं. आम्ही ते करायला नको होतं, अशा अर्थाचं.

ओसरीवर ऊन आलं होतं. बाबा वेसण वळत बसले होते, माय सुपात डाळ पाखडत होती. दोघंही म्हातारपणाला लागलेले. मला वाटलं, मायला तो जुना प्रश्न आठवत असेल. म्हणून मोठ्यानं वाचलं.

बाबा हसले. "इतक्या वर्सांनं आठवलं का त्याईले," म्हणाले, आणि वेसणीला पीळ घातला.

माय पाखडायची थांबली. सूप मांडीवर ठेवलं. माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहून म्हणाली, "चांद्या घान्यावर नोता न?"

विचारल्यासारखं म्हणालीच नाही ती. बाबांच्या हातातला पीळ सुटला. रस्त्यानं कुणी बैल धुवून आणत होतं, त्याच्या घुंगरांचा आवाज लांब गेला. मग बाबा म्हणाले, "नोता."

"इकला काऊन ते मले समजते," माय म्हणाली. "मी बी नाई म्हनलं नोतं. चढवला बी म्याच. घान्याचं काऊन सांगतलं?"

"तुले बरं वाटावं म्हनून."

"मले नाई वाटलं बरं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुमाले वाटलं. म्या एकटीनं चढवला न एकटीच्याच अंगावर राह्यलं ते. तुमी त्याले घान्यावर ठेवून मोकळे झाले."

बाबांनी वेसण खाली ठेवली. त्यांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले. एवढा मोठा माणूस आणि मार खाल्लेल्या पोरासारखे कान. गुडघ्यावर हात टेकवून ते उठू लागले. गोठ्यात जायचं निमित्त नेहमीच असतं.

मायनं मला सांगितलं, "वाच वं पुन्ना. पयल्यापासून."

मी पेपर उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. नीट, सावकाश, एकही शब्द न गाळता. अर्ध्यावर मी नजर वर केली. बाबा ओसरीच्या कडेला परत खाली बसले होते, मायच्या शेजारी, आणि मान खाली घालून ऐकत होते.